चकमधली चावी

डर्बीला नोव्हेंबरात चार वाजताच दिवा लावावा लागतो,
आणि कॉलेज बघायला बोलावतात साडेसहाला.
दोन बस बदलून पोचलो.
शाल्मलीची छत्री उलटी, माझे मोजे ओले.
दारातल्या मुलाने छातीवर चिकटवायला नाव दिलं :
शॅल. एवढंच.
बाकीचं मावलं नाही म्हणाला.

तिच्या शाळेचं सिक्स्थ फॉर्म घरापासून दहा मिनिटांवर.
तिथे इतिहास आहे, मैत्रिणी आहेत,
कॅन्टीनच्या खिडकीपाशी तिची ठरलेली खुर्ची आहे.
इथे बाविसांच्या वर्गात मुली तीन.
मी विचारलं नव्हतं, कॅलमने आपणहून सांगितलं,
डॉक्टर आधी वाईट बातमी उरकतात तसं.

एक यांत्रिक हात येईल त्याला टॉफी देत होता.
माझी त्याने दोनदा पाडली.
प्रिन्सिपलबाईंनी पडद्यावर आकडे दाखवले,
किती जण विद्यापीठात गेले, किती जण ॲप्रेंटिस,
आणि मी मान डोलावत राहिले
पत्रिका बघायला बसवलेल्या आत्यासारखी.

मग वर्कशॉपचं दार उघडलं आणि तो वास आला.
कापलेल्या लोखंडाचा, कूलंटचा,
किंचित गोड, किंचित कुजका.
अप्पांच्या सदऱ्याचा.
साताऱ्याच्या एमआयडीसीत सत्तावीस वर्षं टर्नर.
उंबऱ्याबाहेर मोजे झटकून मगच आत यायचे,
तरी लोखंडाचा कीस यायचाच मागोमाग,
एकदा आईच्या टाचेत,
एकदा माझ्या भातात.
आई म्हणायची, पोरींनो, शिका,
म्हणजे हात काळे व्हायचे नाहीत.
मी शिकले.
हातमोजे घालून हॉस्पिटलात लोकांच्या गोळ्या मोजते.
माझे हात बघा, कोऱ्या कागदासारखे.

शाल्मली लेथपाशी उभी.
कुणी बोलावलं नव्हतं तिला.
गॉगल कपाळावर ढकललेला,
आणि बोटं फिरत होती त्या थंड लोखंडावरून
बसलेल्या म्हशीच्या पाठीवरून फिरावीत तशी.

तेवढ्यात मला दिसली : चकमध्ये विसरलेली चावी.
मी ओरडले. मराठीत.
"अगं चावी! आधी चावी काढ!"

सगळं वर्कशॉप वळलं. यांत्रिक हातसुद्धा थांबल्यासारखा वाटला.
मिस्टर ऑल्डक्रॉफ्ट आले, चावी काढून खिशात घातली,
मशीन बंदच आहे म्हणाले,
आणि मग, जरा हळू आवाजात,
"कुठल्या कारखान्यात होतात तुम्ही?"

काय सांगणार?
स्वयंपाकघराच्या दारात, चहाचा कप हातात धरून ऐकलेलं :
चकमध्ये चावी विसरलात
की मशीन सुरू करताक्षणी
ती तुमचं कपाळ शोधत येते.
कपाळाला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना.
बोट लावून दाखवलं.

परतीच्या बसमध्ये काचा वाफेने आंधळ्या.
मी म्हणाले, इतिहास सुटेल गं तुझा.
ती म्हणाली, आजोबा टर्नर होते हे कधी सांगितलं नाहीस.
फॅक्टरीत होते, एवढंच म्हणायचीस.
खरं आहे.
आणि माणसं पाहून कधी कधी,
इंजिनिअरिंगमध्ये होते.

फॉर्मची तारीख एकतीस जानेवारी.
दुसऱ्या पसंतीची चौकट रिकामी,
पहिलीत पेन्सिलने काहीतरी लिहून खोडलंय,
उजेडाला धरलं तरी वाचता येत नाही.

रात्री कपाटातून अप्पांचा मायक्रोमीटर काढला,
जुन्या परकराच्या तुकड्यात गुंडाळून आणलेला,
कशाला, ते तेव्हाही कळलं नव्हतं.
ती येऊन बसली. तिचा एक केस मोजला :
सात शतांश मिलिमीटर.
मग माझा, पांढरा, घेतला.
"पिळू नकोस," मी म्हणाले,
"मागची टोपी फिरव, खटखट ऐकू आली की थांब."
"हेही तुला माहितीये?"

तिच्या अंगठ्याला काहीतरी काळं लागलं होतं,
शाई असेल, नाहीतर ग्रीस.
मी विचारलं नाही.